दोन नारिंगी पट्टे

गाडी तळघराच्या उतारावरून वर आली आणि फाटकापाशी त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्याला आधी वाटलं की ही दुसऱ्याच कुणाची तरी आहे. तो दोन पावलं मागेही सरकला, आपली मागून येत असेल म्हणून. मग काच खाली झाली आणि आतून बायको म्हणाली, "बसतोयस ना?" नंबर पाहिला तर आपलाच. डाव्या आरशाला चिकटपट्टी लावलेली, तीही आपलीच. पण बॉनेटवरून दोन नारिंगी पट्टे गेलेले होते, वीत-वीत रुंदीचे, गाडीच्या नाकापासून निघून काचेपर्यंत चढलेले, काचेपाशी तुटून पुन्हा टपावर सुरू झालेले, आणि मागे डिकीवरून थेट नंबराच्या पाटीपर्यंत उतरलेले. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे. हातात जेवणाचा डबा, खिशात चष्म्याचं घर, उभ्या जन्मात कुणाला मागे टाकून पुढे गेला नाही असा माणूस, आणि त्याला कामावर न्यायला ही अशी नटून आलेली गाडी.

"हे कधी केलंस?" त्याने विचारलं.

स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता. बराच वेळ गाढ झोपलेला माणूस अचानक काही बोलला तर बघतात, तसं ती बघत होती.

"तुला कधी दिसले?"

"कधी म्हणजे? आत्ता."

"मग आत्ताच केले," ती म्हणाली. "बस. उशीर होतोय."

तो बसला. सीटचा पट्टा ओढून घेतला, डबा मांडीवर ठेवला आणि काचेतून समोर बघू लागला, तर ते दोन्ही तिथेच, रस्त्याच्या दिशेने पसरलेले. डावा पट्टा मध्येच किंचित खाली दबून पुन्हा वर आला होता. बॉनेटला तिथे पोचा होता. "हे काय लागलं?" म्हणून त्याने विचारलं, तर काल संध्याकाळी तलावाच्या फाटकाला घासली, असं ती म्हणाली. ती पोहायला शिकवायची. केस कायम ओले, अंगाला तलावाच्या औषधाचा वास, आणि आवाज मोकळा, समोरच्या काठापर्यंत पोचणारा. गाडीत मात्र ती हळू बोलायची. तो म्हणाला, निदान मला विचारायचंस तरी. ती म्हणाली, विचारलं होतं. तो म्हणाला, आणि करून घ्यायचेच होते तर चांगल्या माणसाकडून तरी घ्यायचेस, माल हलका दिलाय त्याने, कडा आत्ताच सुटल्यात बघ, रंगही विटका आहे. त्यावर ती हसायला लागली. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. सिग्नलला गाडी थांबली तरी हसत होती, आणि हिरवा दिवा लागला तेव्हा तिने मनगटाने डोळे पुसून गियर टाकला. आपण काहीतरी विनोदी बोलून गेलो याचं त्याला जरा बरंच वाटलं, कारण घरात सध्या हवा कोंदट झालेली होती. रविवारी ती जाणार होती. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या तलावावर तिला नोकरी मिळाली होती, राहायची सोय झाली होती, गाडी ती नेणार होती. हे सगळं तिने त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं आणि तो बरं म्हणाला होता. पण बरं म्हणजे काय, हे दोघांनीही पुढे उलगडून पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात ते असं होतं, की ती जाईल, चार महिन्यांत कंटाळेल, परत येईल. किंवा आपणच तिकडे जाऊ. ते आपण रविवारच्या आत तिला सांगून टाकू. नोकरीला गेलेली बायको आणि सोडून गेलेली बायको यांत फरक असतो, आणि तो फरक अजून आपल्या हातात आहे, असं तो धरून चालला होता.

कारखान्यात तो काचा तपासायचा. मोटारींच्या पुढच्या काचा. त्याच्यासमोर भिंतभर फळा होता, त्यावर तिरके काळे-पांढरे पट्टे, मागून दिवे. फळा आणि त्याची खुर्ची यांच्यामध्ये एकेक काच येऊन उभी राहायची आणि तिच्यातून तो पट्टे बघायचा. काच चांगली असेल तर पट्टे सरळ दिसतात. तिच्यात कुठे लाट असली, कुठे ती भट्टीत जास्त मऊ पडली असली, तर तिथे पट्टा वाकतो. मग लाल शिक्का. एवढंच काम. सुरुवातीला हे काम त्याच्याच्याने होईना. दिवसभर पट्टे बघून संध्याकाळी डोकं फुटायची वेळ यायची, डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पट्टे, जेवायला बसलं तर ताटावर पट्टे. तेव्हा निवृत्तीला आलेला एक म्हातारा तपासनीस होता, त्याने त्याला ही विद्या शिकवली. म्हणाला, "अरे, तू पट्टे मोजत बसतोस, म्हणून दमतोस. नजर सैल सोड. सरळ आहे ते आपलं कामच नाही, त्याला जाऊ दे. वाकडं असेल ते आपणहून तुला हाक मारेल." ते त्याला जमायला एक उन्हाळा लागला. आणि एकदा जमल्यावर त्याच्यासारखा तपासनीस त्या कारखान्यात दुसरा झाला नाही. फळा त्याच्यासमोरून पुसल्यासारखा व्हायचा. समोर काही नाही, काही नाही, काही नाही, आणि मग अचानक कोपऱ्यात एक मुरड. लोक म्हणायचे, हा डोळ्यांत तेल घालून बसतो. त्याला मनातून गंमत वाटायची, कारण खरी गोष्ट उलटी होती. तो बघायचं सोडून देऊन बसायचा. चांगली काच म्हणजे जिच्यात काहीच दिसलं नाही ती. दिवसभरात अशा कितीतरी काचा त्याच्यासमोर उभ्या राहून निघून जायच्या, आणि त्यांतली एकही त्याला आठवायची नाही.

त्या दिवशी मात्र फळा पुसला जाईना. पट्टे जागच्या जागी उभे होते, काळे ते काळे, पांढरे ते पांढरे. चांगल्या काचेला त्याने दोनदा शिक्का मारला आणि शेजारच्या फळ्यावरच्या जोडीदाराने ती परत घेतली. हा जोडीदार बोलका माणूस, पंधरा मिनिटं गप्प बसला तर त्याच्या पोटात दुखायचं. संध्याकाळी फाटकाबाहेर गाड्यांची ही गर्दी, आणि त्या गर्दीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आली बघा तुमची पट्टेवाली."

"तुला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"पट्ट्यांचं. आजच तर केलेत."

जोडीदार हसला. "या वयात फिरकी घ्यायला लागलात होय. अहो, पट्टे नसते तर या गर्दीत वहिनींची गाडी मी कधी ओळखली असती? आमची पोरगी तुमच्या गाडीला वाघोबा म्हणायची. इथे घ्यायला आली की माझ्या खांद्यावर बसून ओरडायची, वाघोबा आला म्हणून."

"ती तर कॉलेजात जाते ना आता?"

"जाते की. आता बापाला ओळख देत नाही, वाघोबा कुठला," असं म्हणून जोडीदार बसच्या दिशेने निघून गेला. तो तिथेच उभा राहिला. दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल. नारिंगी पट्ट्यांच्या गाड्या काय कमी आहेत शहरात. आणि याच्या बोलण्यावर जायचं तर मग झालंच, हा स्वतःच्या लग्नाचं सालसुद्धा दर वर्षी नवं सांगतो. बायकोने हॉर्न वाजवला. तो जाऊन बसला, डबा मांडीवर घेतला.

शहरात पट्ट्यांच्या गाड्या खरोखरच कमी नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या त्याला दिसायला लागल्या आणि दिसायच्या थांबेनात. पांढऱ्या गाडीवर एकच काळा पट्टा, तोही मधोमध नव्हे तर चालवणाऱ्याच्या बाजूला सरकलेला. दरवाज्यांखालून चाकापासून चाकापर्यंत ओढलेली बारीक लाल रेघ. बॉनेटवर हवा आत घ्यायला म्हणून बसवलेलं नाकाड, ज्याला भोकच नव्हतं. आतून पत्रा आणि पत्र्यावर रंगवलेला काळोख. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या म्हाताऱ्या गाडीच्या डिकीवर उंच पंख, जणू वेगाने ती उडूनच जाईल आणि तिला जमिनीवर दाबून ठेवायला कुणीतरी हवं. काळे केलेले दिवे. दिव्यांवर चिकटवलेल्या पापण्या. एका गाडीला तर चारी चाकांच्या आत नारिंगी रंग दिला होता, तो चाक थांबल्यावरच दिसायचा. ज्यांना कुठेही लवकर पोचायचं नाही असे लोक आपापल्या गाड्यांना इतका वेग कशासाठी चढवून ठेवतात, हे त्याला कळेना. आणि त्याहून न कळणारी गोष्ट ही, की हे सगळं एका रात्रीत कसं झालं. परवापर्यंत रस्त्यावर गाड्या होत्या, नुसत्या गाड्या, येणाऱ्या आणि जाणाऱ्या. आता प्रत्येकीला तोंड होतं. सिग्नलला उभ्या राहिलेल्या रांगेकडे बघताना त्याला वाटलं की त्या सगळ्या बऱ्याच दिवसांपासून त्याच्याकडे बघत होत्या.

ही गाडी घेतली तो दिवस त्याला नीट आठवत होता, आणि आठवतो याचा त्याला आधार वाटला. दुकानाच्या मागच्या आवारात ती उभी होती आणि बायको तिच्याभोवती अनवाणी फिरली होती, कारण चपलेत खडा गेला होता. रंग निळा. गडद, पण काळ्याकडे झुकणारा नव्हे. त्यात आतून कुठेतरी उजेड होता. ती म्हणाली होती, "याच्यावर दोन नारिंगी पट्टे काय दिसतील." आणि तो म्हणाला होता, "आपल्याला कुठे शर्यत लावायचीय?" त्यावर ती म्हणाली, "शर्यत लावायची नसतेच रे. आपण निघायला तयार आहोत एवढं दिसलं पाहिजे." विक्रेता हसला. तो म्हणाला, बघू. पुढे काय झालं? पुढे ते गाडी घेऊन घरी आले. आणि त्यानंतर? त्यानंतर तो रोज त्या गाडीतून कामावर गेला आणि रोज त्या गाडीतून परत आला, आणि त्या सगळ्या जाण्या-येण्यातलं एकही जाणं किंवा येणं त्याला वेगळं काढता येईना. ढीगच्या ढीग स्वच्छ काचा. त्याने एक दिवस पकडायचा प्रयत्न केला. कुठलाही एक. कडाक्याची थंडी पडली होती आणि गाडी सुरू होत नव्हती, तो दिवस आठवला. टायर फुटला होता, तो आठवला. तिचा आणि त्याचा कशावरून तरी कडाडून वाद झाला होता आणि ती अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून बाहेर जाऊन उभी राहिली होती, तो आठवला. मधलं काही आठवेना. मध्ये सगळं सरळ होतं.

त्या आठवड्यात त्याने घाबरत घाबरत चाचपणी केली. तळमजल्यावरचे काका रोज सकाळी कठड्याशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घेत असत. त्यांना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आमच्या गाडीचे पट्टे कसे वाटतात?"

काकांनी चष्मा वर केला. "आता विचारतोस होय? मला तेव्हाच आवडले नव्हते. तुझ्या बायकोला सांगितलंही मी, की पोरी, हे वय आहे का. तर म्हणाली, काका, तुम्ही बोललात तरी. मला काही कळलं नाही, काय म्हणायचं होतं तिला."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"घ्या. ते मला रे काय माहीत? माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारायच्या आधी. मी तेव्हा जिना चढून तुमच्याकडे चहाला येत होतो."

काका त्यांच्याकडे कधी चहाला येत होते, हेही त्याला आठवलं नाही. पण यावर त्याने मनाशी एक तोडगा काढला. हे सगळे मिळून आपली थट्टा करताहेत. बायकोने सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिच्या जाण्याबद्दल आपण ताकास तूर लागू दिली नाही, म्हणून ती असा सूड उगवतेय. हे त्याला इतकं हवंहवंसं वाटलं की त्याला तिचं जवळजवळ कौतुकच वाटलं. थट्टा असली तर राग धरता येतो, राग धरला तर भांडता येतं, भांडण झालं की समेट होतो, आणि समेट झाला की माणूस नोकरीला म्हणून जातो आणि परत येतो. आणि थट्टा नसली तर काय, हे तो मनात आणायला तयार नव्हता. रात्री अंथरुणावर ती पाठ करून झोपलेली असायची आणि तो छताकडे बघत हिशेब करायचा, की याची तपासणी करता आली पाहिजे. आपण तपासनीस आहोत. तपासणी म्हटली की त्याला धीर यायचा.

रविवारी सकाळी ती बॅगा भरत होती, तेव्हा तो म्हणाला, "हवा भरून, पेट्रोल टाकून आणतो गाडी. लांबचा पल्ला आहे तुझा." तिने मान न वळवता किल्ली दिली. "दुपारच्या आत आण," म्हणाली. रिंगरोडच्या कडेला गाड्या सजवणाऱ्यांची ओळ होती, सुट्टीच्या दिवशीच तिथे जास्त गर्दी. सीटची कव्हरं, रंगीत दिवे, पापण्या, पंख. त्यांतल्या एका स्टिकरवाल्यापुढे त्याने गाडी उभी केली आणि पट्टे काढायचेत असं सांगितलं. काढून स्वच्छ, पहिल्यासारखी गाडी तिच्या हातात द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. ही भेट म्हणून. आणि आपणही येतो म्हणून सांगायचं. दोन्ही एकदमच. आणि काढता काढता तपासणीही होणार होती, पण ते त्याने स्वतःलाही जरा दबक्या आवाजातच सांगितलं होतं.

स्टिकरवाला जाडजूड, त्याच्या तोंडात खडीसाखर होती आणि ती या गालातून त्या गालात फिरत होती. त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "काढायचे कशाला? माणसं घालायला येतात."

"काढायचेत. नवे आहेत, सहज निघतील."

"नवे?" त्याने नखाने कड उचलली. "कुणी सांगितलं नवे?"

"माझी बायको म्हणाली." आणि मग तो स्वतःच म्हणाला, "नवे आहेत की जुने, ते काढल्यावर कळतं का?"

"कळतं म्हणजे? दिसतंच. नवे असले तर खालचा रंग बाकीच्या गाडीसारखाच निघतो, इथे काही होतं असं वाटणारही नाही. जुने असले तर पट्ट्याखालच्या रंगाला ऊन लागलेलं नसतं. तो तसाच राहतो. मग पट्टा काढला तरी पट्टा राहतो." त्याने गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र सुरू केलं. "त्याला औषध नाही. अख्खी गाडी रंगवायची, नाहीतर उन्हात ठेवून वाट बघायची."

तो बाजूला उभा राहिला. गरम झालेल्या प्लास्टिकचा वास सुटला. स्टिकरवाल्याने उजव्या पट्ट्याची कड बोटांत धरली आणि सावकाश, एका संथ ओढीत, तो मागे सोलत आणला. पट्टा मध्येमध्ये तुटत होता, कुडकुडीत झाला होता, त्याचे तुकडे जमिनीवर पडत होते. आणि त्याच्या खालून निळा निघाला. गडद, आतून उजेड असलेला, दुकानाच्या मागच्या आवारातला निळा; तिने अनवाणी पायांनी ज्याच्याभोवती फेरी मारली होती तो. त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेली गाडी राखाडी होती. धूळ असेल म्हणून त्याने बोट फिरवलं, पण ती धूळ नव्हती. गाडी राखाडीच होती. इतकी वर्षं निळ्या गाडीत बसतोय असं समजून तो एका राखाडी गाडीत बसत होता.

"सात-आठ उन्हाळे सहज," स्टिकरवाला म्हणाला. "जास्तच, कमी नाही. दुसरा काढू की राहू दे?"

तो डाव्या पट्ट्याकडे बघत होता, जिथे पत्रा दबून पट्टा मुरडला होता. आणि त्याला कळलं. फाटकाला गाडी घासेपर्यंत तो पट्टा सरळ होता. तो वाकला, म्हणून त्याने हाक मारली, आणि मग त्याच्या शेजारचाही दिसला, आणि मग हळूहळू सगळं शहर. पोचा आला नसता तर रविवारी ही गाडी त्याच्यासमोरून निघून गेली असती आणि तिच्यावर पट्टे होते हे त्याला मरेपर्यंत कळलं नसतं. त्याला भीती वाटली, खरीखुरी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. तिने हे त्याच्यासाठी केले होते. रागव, हस, नको म्हण, काहीतरी बोल, म्हणून तिने ते दोन भडक पट्टे त्याच्या नजरेसमोर ओढून ठेवले होते, आणि मग ती रोज सकाळी त्याच्याशेजारी बसून वाट बघत गाडी चालवत राहिली होती. किती दिवस वाट बघितली असेल? आणि वाट बघणं बंद केलं तो दिवस कुठला? त्या दिवशीही तो शेजारीच बसलेला असणार, डबा मांडीवर घेऊन.

"काढा," तो म्हणाला. एक ठेवून एक काढणं बरं दिसलं नसतं.

परत आला तेव्हा ती फाटकापाशी बॅगा घेऊन उभी होती. ऊन डोक्यावर होतं. राखाडी गाडीवर दोन गडद निळे पट्टे असे उठून दिसत होते की नारिंगीसुद्धा कधी तसे दिसले नसतील. तिने गाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पुढे येऊन बॉनेटवर तळवा ठेवला, निळ्यावर.

"मी विसरले होते हा रंग," ती म्हणाली.

"मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. घाईघाईत, गाडीतून उतरता उतरताच. "आज नाही तर पुढच्या महिन्यात. नोकरीचं बघतो. येतो मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर कडवटपणा नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. "अरे, ते मी विचारलं होतं तुला. पहिल्याच दिवशी. तू म्हणालास, नको, मी इथेच बरा आहे. मग मी एका माणसापुरती जागा घेतली. तेही सांगितलं. त्यावर तू बरं म्हणालास."

"मला वाटलं..."

"माहितेय."

ती बॅगा उचलायला वाकली आणि तिच्या सदऱ्याचा गळा पुढे सुटला. बॅगा भरायच्या म्हणून तिने केस वर बांधले होते, मान उघडी होती. आणि तिच्या गळ्याच्या तळाशी, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, एक बारीक आडवी रेघ त्याने पाहिली. सुबक शिवलेली. कातडीपेक्षा जराशी फिकट, कडा विरत आलेल्या. नवी नव्हती. नवं आणि जुनं कसं ओळखायचं, हे आज त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याचे हात गाडीच्या दारावर तसेच राहिले. कधी, हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्याने तो तिथेच दाबला. या आठवड्यात तो शब्द त्याने पुष्कळ वापरला होता.

तिने त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. हात गळ्याकडे नेला नाही, सदरा सारखा केला नाही. ती उभी राहिली, त्याला हवं तितकं बघू दिलं.

"विचार," ती म्हणाली.

"तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा मी कुठे होतो?"

"शेजारीच," ती म्हणाली. "खाटेजवळच्या खुर्चीवर. रोज यायचास. रजा काढली होतीस. संत्री सोलून द्यायचास, एकेक बी काढून. तिथल्या नर्स मला म्हणायच्या, नवरा किती करतो तुमचं." तिने बॅग उचलली. "खरंच करत होतास. तुझी काही चूक नव्हती."

मग तिने बॅगा डिकीत ठेवल्या, डिकी बंद केली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोडासा दाबला, आणि काढून घेतला. गाडी फाटकाबाहेर वळली. कठड्याशी उभ्या असलेल्या काकांनी हात हलवला. तिनेही काच खाली करून हलवला. कोपऱ्यावरचा सिग्नल हिरवा होता, त्यामुळे तिला थांबावं लागलं नाही.

काका काहीतरी बोलले, बहुधा पट्ट्यांबद्दलच. तो हं म्हणाला आणि जिना चढून वर गेला. दारापाशी आल्यावर खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली, आणि त्याचा हात थांबला. आत दिवाणखाना होता, सकाळी तो तिथे बसून चहा प्यायला होता. भिंतींचा रंग कुठला, असं त्याने स्वतःला विचारलं. पांढरा, असं उत्तर आलं. ते फार लवकर आलं. त्याने डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. खिडकी आठवली, तिची एक काच तडकलेली होती म्हणून. खुर्चीचा मोडका हात आठवला. बाकी काही नव्हतं. खिडकी, मोडका हात, आणि त्यांच्यामध्ये भिंत असायला हवी होती. आत तिने आणखी काय काय लावून ठेवलं असेल, किती वर्षांपूर्वी, कोणत्या रंगाचं, कुणी काही बोलेल म्हणून? फिकट पिवळा, असं त्याने शेवटी ठरवलं, आणि ते बरोबर निघेल की नाही हे कळायला नको म्हणून कुलपातली किल्ली तशीच धरून तो दाराबाहेर उभा राहिला.